फ्लोबेर आणि सांदबाई यांची पत्रे

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर सीन नदीकाठी क्रुवासे येथे एकांतात राहत आणि एकेक वाक्य दिवस दिवस घासत. जॉर्ज सांद हे पुरुषी टोपणनाव घेतलेल्या बाई त्यांच्याहून १७ वर्षांनी वडील. त्या नोआँ गावी मुला-नातींत राहून झरझर लिहीत. दोघांच्याही कादंबऱ्या धर्मसभेने एके काळी निषिद्ध ठरविल्या होत्या, हे कशाला लपवावे? परंतु १८६६ पासून दहा वर्षे त्यांनी एकमेकांस लिहिलेली पत्रे फार सुंदर आहेत. मते क्वचितच जुळत. माया मात्र आटली नाही. १८७५ साली भाचीच्या पतीस दिवाळखोरीतून वाचविताना फ्लोबेर निर्धन झाले, तेव्हा त्यांचे घर आपण विकत घेऊन त्यांनाच त्यात राहू देण्याची तयारी बाईंनी दाखविली.

तुमच्या लेखनाने वाचक खिन्न होतो, त्याला दिलासा द्या, असा बाईंचा आग्रह असे. फ्लोबेर यांनी वाद घातलाच. पण पुढे एका अडाणी मोलकरणीची कथा लिहावयास घेतली. ही फेलिसिते जन्मभर इतरांसाठी झिजते आणि अंगणात पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आली असता प्राण सोडते.

कथा पुरी होण्यापूर्वीच, ८ जून १८७६ रोजी, बाई वारल्या. अंत्यविधीच्या वेळी फ्लोबेर ढसाढसा रडले. केवळ त्यांना आवडावी म्हणूनच ती कथा आरंभिली होती, असे त्यांनी पुढे बाईंच्या मुलास कळविले.