कच्चं खा, पण चुलीला नावं ठेवू नका

घरातल्या एका माणसाने जरी शिजवलेलं सोडलं तरी बाईच्या चार भाकरी वाचतात, हे कच्च्या आहाराच्या कैवाऱ्यांचं सगळ्यात लाडकं बोलणं आहे. बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याने जन्मात मटकी भिजत घातलेली नसते. म्हणून आधी याच बोलण्याचा समाचार घेऊ.

परभणी जिल्ह्यात, सोनपेठातल्या कुठल्याही चारचौघांसारख्या घरात सकाळी साडेसातला डोकावा. सासू-सासरे, दोघे भाऊ, दोघी जावा, पोरं. एक जाऊ काटवटीत ज्वारीचं पीठ मळतेय, तव्यावरची भाकरी फुगून वाफ सोडतेय. एक डबा शेतात जायचाय, दोन शाळेत. त्यात थोरल्याने ‘मी आजपासून कच्चंच खाणार’ असं जाहीर केलेलं. म्हणजे काय, तर रात्री मूग-मटकी निवडून भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात आंबूस वास सुटू नये म्हणून दोनदा धुवायची, हिवाळ्यात मोड येईनात म्हणून उबेला ठेवायची. मेथी काडी-काडी निवडून तीन पाण्यांतून काढायची, कारण उकळीने जे जंतू मरतात ते इथे मरणार नाहीत. गाजर किसायचं, खोबरं खवायचं, काकडी कडू निघाली की दुसरी घ्यायची. आणि हे सगळं ऐन जेवणाच्या वेळी, कारण आधी चिरून ठेवलं की पाणी सुटतं. हात बसलेली बाई चार भाकरी दहा-बारा मिनिटांत थापून मोकळी होते. तेव्हा चूल काही सुटत नाही. तिच्या शेजारी दुसरा स्वयंपाक उभा राहतो आणि तो करणारे हात तेच राहतात. ज्या घरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे त्या तीन पाण्यांचा हंडाही त्याच हातांनी भरलेला असतो.

दुसरं बोलणं शास्त्राचं सोंग घेऊन येतं. अन्न पंचेचाळीस अंशांच्या वर तापलं की त्यातली एन्झाइम्स मरतात, मग ते अन्न ‘मृत’ होतं, असं सांगतात. वैशाखात परभणीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. बाजारात पत्र्याखाली दिवसभर पडलेली काकडी मग कच्ची धरायची की शिजलेली? थट्टा सोडून देऊ. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि भाजीतलं प्रथिन आपल्या जठरातल्या आम्लात गेलं की इतर प्रथिनांसारखंच मोडतं. पचनाची एन्झाइम्स शरीर स्वतः तयार करतं, त्यासाठी त्याला पालकाची उसनवारी करावी लागत नाही. उकळताना ‘क’ जीवनसत्त्व बरंच जातं, हे खरं आणि मान्य. पण त्याच उष्णतेने टोमॅटोतलं लायकोपिन शरीराला जास्त मिळतं. अंड्याचंही तेच. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन अंगी लागलं आणि कच्च्यातलं ५१ टक्के. राजमा तर नीट उकळल्याशिवाय खाऊच नये, त्यातलं लेक्टिन आतड्याला छळतं.

‘गाय कुठे शिजवून खाते?’ हा प्रश्न ऐकला की मला त्या गायीचीच कीव येते. तिला चार कप्प्यांचं पोट आहे आणि रवंथ करायला अख्खी दुपार मोकळी आहे. आपले जवळचे नातलग म्हणावेत ते चिंपांझी दिवसातले सहा-सहा तास नुसते चावत बसतात. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की विस्तवावर अन्न शिजू लागलं तेव्हा माणसाचं आतडं आखूड झालं, दात लहान झाले आणि वाचलेली शक्ती मेंदूला मिळाली. त्याच्या कालगणनेवर वाद आहेत. पण आपलं आजचं आतडं आखूड आहे, यावर वाद नाही.

आपल्या भागात याला आणखी एक फोडणी मिळते: ‘आपले वाडवडील हुरडा खायचे, तो कच्चाच की.’ हुरडा कच्चा? शेतात आगटी कशासाठी पेटवतात मग? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसून, हात पोळत पोळत चोळून, वर जवसाची चटणी घेऊन जे खातात, ते भाजलेलं धान्य असतं. आणि हौशी माणसाने ज्वारीला मोड आणून खायचं ठरवलं तर त्याने आधी एखाद्या गुराख्याला विचारावं. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांत जनावर शिरलं तर शेतकरी जिवाच्या आकांताने का धावतो? त्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड तयार होतं. ज्वारीच्या अंकुरातही ते असतं. मुगाला जे चालतं ते ज्वारीला चालत नाही, आणि आपल्या ताटाचा कणा तर ज्वारीच आहे.

पोट भरण्याचा हिशेब कुणी मांडतच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला २,१३० किलोकॅलरी लागतात. कापूस वेचणारी, ऊस तोडणारी याहून जास्त खर्च करते. काकडीत शंभर ग्रॅममागे जेमतेम पंधरा-वीस किलोकॅलरी, ज्वारीत तीनशे तीसच्या पुढे. म्हणजे नुसत्या काकडीवर दिवस काढायचा तर अकरा ते चौदा किलो खावी लागेल. ही तूट मग बदाम-काजूने भरायची असते. तो खर्च कुणाच्या खिशातून जातो, हेही एकत्र घरात विचारलं जाणारच.

जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये छापून आला. पुरुषांचं सरासरी दहाएक किलो वजन उतरलं होतं, बायकांचं बारा. हे ऐकून काहींना आनंद होईल. पण पंचेचाळिशीच्या आतल्या जवळजवळ तीस टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबलीच होती. आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. अशा राज्यात सुनेला ‘तूही माझ्यासारखं कच्चं खा, तब्येत सुधारेल’ असं सांगणाऱ्याने आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून आणावं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण आलं, ते लोह आणि जस्त जास्त असलेलं म्हणूनच. पण ते लोह पोटात जायचं तर पीठ दळावं लागतं आणि तवा तापवावा लागतो.

कच्च्या आहाराचे लोक शेवटी गांधीजींचं नाव पुढे करतात, आणि अर्धंच सांगतात. १९२९ च्या उन्हाळ्यात गांधीजींनी हा प्रयोग केला, हे बरोबर. मोड आलेले गहू, बदामाचा लगदा, वाटलेला हिरवा पाला, लिंबं आणि मध, सगळं तोळ्यांत मोजून. आश्रमातले काही साथीही सामील झाले. ‘यंग इंडिया’त त्याची जाहीर नोंद होत राहिली. पुढचं मात्र गाळलं जातं. काही महिन्यांतच त्यांना आव लागली, प्रयोग थांबवावा लागला आणि ते बकरीच्या दुधावर परतले. मला त्यांचा मोठेपणा इथे दिसतो, की फसलेला प्रयोगही त्यांनी छापून टाकला. पुढे १९४२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहायला घेतली. तिच्यात रोजच्या आहाराचं प्रमाण दिलं आहे: धान्य सहा औंस, पालेभाजी तीन, इतर भाज्या पाच आणि कच्ची भाजी एक औंस. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, गाजराचे चार काप. जन्मभर जिभेशी भांडलेल्या माणसाने हयातभराच्या प्रयोगांनंतर कच्च्याला दिलेली जागा एवढी. चार वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांच्याच प्रेरणेने उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तिथेही माणूस ठरावीक मुदतीसाठी जातो, जाणत्याच्या देखरेखीखाली राहतो आणि बरा होऊन घरच्या ताटावर परत येतो.

आता दुसऱ्या बाजूलाही मोकळं सोडता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं वागणं अनेकदा याहून हट्टी असतं. ‘भाकरी नाकारली म्हणजे लक्ष्मीला लाथ मारली’, ‘एकाने वेगळं खाल्लं की घर फुटतं’, आणि मग ताटात बळंच वाढणं, ‘माझी शपथ आहे, एवढा घास खा’. जेवढा आग्रह, तेवढा तो कच्चं खाणारा पेटतो. कुणी आयुर्वेदाचा दाखला काढतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त नेहमी खाऊ नये अशा पदार्थांची यादी आहे आणि तिच्यात मोड आलेलं धान्य आहे, हे खरंच. पण त्याच यादीत कच्चा मुळा, दही आणि उडीदही आहेत. दाखला देणारे काका पिठल्याशेजारी मुळ्याच्या चकत्या आणि वर वाटीभर दही घेऊन बसलेले असतात. ग्रंथ मानायचा तर अख्खा माना.

आणि वेगळं खाण्याने घर फुटत असतं तर मराठवाड्यात एकही घर उभं राहिलं नसतं. जनाबाईंचं गंगाखेड आपल्या शेजारीच. माळकरी नाही असं गाव इकडे सापडायचं नाही, आणि सगळंच्या सगळं माळकरी असलेलं घरही क्वचितच. थोरल्याच्या गळ्यात माळ, धाकट्याला रविवारी मटण लागतं. मग अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली जाते, तिची भांडी वेगळी, आणि माळकरी आत आपलं पिठलं-भाकरी खाऊन भजनाला निघून जातो. तो धाकट्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडत नाही. धाकटाही त्याला ‘एक तुकडा चाख’ म्हणत नाही. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांच्या घरात आजारी आजीसाठी आणि लहान लेकरांसाठी दुपारी चूल पेटतेच. एकादशीला भगर-आमटी खाणारी आणि वरण-भात खाणारी पोरं एकाच पंगतीला बसतात. एकाच छपराखाली दोन नियम नांदवायची रीत आपल्याकडे आयती आहे. अट एवढीच, की नियम ज्याचा त्याने पाळायचा. कच्च्या आहारवाल्याने माळकऱ्याची ही अर्धी रीत उचलली तरी भांडण मिटेल. बिघडतं ते तो ताटावर बसून इतरांच्या वरणाला ‘विष’ म्हणतो तिथे. माळकरीही कीर्तन देवळात करतो, पंगतीत नाही.

कच्चं खाणाऱ्याला आपल्याकडे खायला मिळणार नाही, हीही भीती खोटी. आपल्या मातीत कच्चं खाण्याची जुनी, बिनबोभाट रीत आहे. हरभऱ्याचे ढाळे बांधावर बसून सोलून खातात. वाळकं, शेंदाडं, बोरं पोरं शेतातच फस्त करतात. पावसाळ्यानंतर पाथरीची कोवळी पानं नुसतीच भाकरीशी जातात. करडईची कोवळी भाजी, मेथी, कांद्याची पात बारीक चिरून, वर दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून केलेला घोळाणा ज्याने खाल्ला, त्याला कोशिंबिरीचं महत्त्व पुण्याहून येऊन कुणी समजावण्याची गरज नाही. शिजवलेल्याने पोट भरायचं आणि कच्च्याने ताट ताजं ठेवायचं, ही वाटणी इथल्या बायकांनी फार पूर्वी ठरवून ठेवली आहे. तोच घोळाणा परातभर करा, एकाने दोन वाट्या घ्याव्यात, बाकीच्यांनी दोन चमचे. वेगळा स्वयंपाक लागत नाही. मोडांचं फडकं मात्र ज्याला खायचं त्याने स्वतः बांधावं, स्वतः धुवावं. मधुमेह असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिरवा पाला वाढवण्याआधी डॉक्टरला विचारावं.

एका जागी मात्र मी वाटाघाट करणार नाही: घरातली लहान लेकरं आणि गरोदर बाई. प्रौढाने आपल्या शरीरावर प्रयोग करावा, तो त्याचा हक्क. पाच वर्षांच्या पोराचं पोट मुठीएवढं असतं. पाला आणि फळांनी ते लगेच भरतं, पण वाढीला लागणारी शक्ती आणि प्रथिनं त्यात मावत नाहीत. दूध-अंडीही बंद केली तर बी-१२ मिळायला जागाच उरत नाही, आणि त्याची तूट मेंदूला आणि मज्जातंतूंना भोवते. तेव्हा थोरल्याने खुशाल मोडांची वाटी घेऊन बसावं. पोराच्या ताटात गरम वरणात कुस्करलेली भाकरी आणि वर तुपाची धार पडणार, आणि त्याला तिथे बोलायचा अधिकार नाही.