मोठी माणसं आत काय करतात?

सलाम मंडळी,

(आमच्या हिंदू मित्रांसाठी: आम्हा जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांचा नमस्कार हा असा असतो. हल्ली तरुण पोरं 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही.)

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातू तळेगावला आला होता, त्यामुळे संगणकावर त्याचाच ताबा होता. चिरंजीव वाघोलीला राहतात, नवरा-बायको दोघेही नोकरीला. सुट्टी लागायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला, "पप्पा, याला दहा-बारा दिवस ठेवून घ्या. आणि जरा चर्चचं, प्रार्थनेचं काहीतरी शिकवा त्याला. आम्हाला वेळच होत नाही. तुम्ही तर शिक्षकच आहात."

शिक्षक आहात म्हटलं की आमची छाती फुगते. मी लगेच हो म्हणालो.

आम्ही ज्या चर्चला जातो ते आमच्या गावात नाही. सकाळची एसटी धरावी लागते, नाहीतर वडाप. नऊ वर्षांचं पोर, पण कुरकुर न करता आलं. दुसरं गीत झालं आणि नेहमीप्रमाणे मुलांना संडे स्कूलसाठी मागच्या खोलीत नेलं. उपासना संपल्यावर स्वारी नोहाच्या तारवाचं रंगवलेलं चित्र घेऊन बाहेर आली. जिराफ हिरवा. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्याने मला विचारलं, "आजोबा, आम्ही बाहेर गेल्यावर मोठी माणसं आत काय करतात?"

"उपासना करतात."

"म्हणजे काय करतात?"

तुम्हाला सांगतो, सत्तर वर्षं मी चर्चला जातो आहे. छत्तीस वर्षं मुलांना 'कर्मणी प्रयोग म्हणजे काय' हे समजावून सांगितलं. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "मोठा झालास की कळेल." हे उत्तर म्हणजे शिक्षकाने हात वर करणं. ते त्यालाही कळलं असावं, कारण पुढे काही न बोलता तो बाहेर बघत बसला.

संडे स्कूलला माझा विरोध नाही. तिथे शिकवणाऱ्या मुली बिचाऱ्या आपला रविवार देतात. पण ही शाळा निघाली कशासाठी ते लक्षात ठेवायला हवं. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी ती चालवली, तेव्हा तिथली मुलं आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली असत आणि रविवारी रस्त्यावर उनाडत. त्यांना निदान वाचता यावं म्हणून ती शाळा. ज्या मुलांना घरी शिकवणारं कुणी नव्हतं त्यांच्यासाठी. आज आपण ज्यांचे आईबाप शिकलेसवरलेले आहेत अशी मुलं तिथे सोडतो आणि आपलं काम झालं म्हणतो. शिकवणीला सोडावं तसं.

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ पासून. जिभेला सवय व्हायला वेळ लागतोय.) तिथे मुलांसाठी वेगळी खोली नव्हती. सतरंजीवर आईच्या मांडीला टेकून बसायचं. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की झोपायचं, टाळ वाजले की जागं व्हायचं. आईला अक्षर येत नव्हतं, पण नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं तिला तोंडपाठ. पहाटे जात्यावर बसली की सुरू. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली गेले. मधल्या चोवीस वर्षांत या माणसाने आमच्या अडाणी आयांच्या तोंडी जी भाषा दिली ती अजून 'उपासना संगीत'मध्ये आहे. अभंगाची चाल, घरातले शब्द. त्यामुळे मला कुणी 'स्तुती म्हणजे काय' असं शिकवलंच नाही. ती जात्याच्या घरघरीबरोबर कानात गेली.

आता माझी चूक सांगतो.

माझा मुलगा लहान होता तेव्हा मी त्याला पवित्र शास्त्र 'शिकवलं'. अगदी वेळापत्रक करून. रोज संध्याकाळी एक वचन पाठ, शनिवारी उजळणी. चुकलं की पट्टी. होय, पट्टी मारली आहे मी, वचन चुकलं म्हणून. वचन प्रीतीवरचं असलं तरी पट्टी तीच. मंडळीच्या पाठांतर स्पर्धेत त्याचा पहिला नंबर यायचा आणि मी मिशीला पीळ भरायचो. दहावी झाली, पुण्याला गेला, आणि त्याचं चर्च जे सुटलं ते सुटलं. नाताळला येतो, फोटो काढतो, जातो.

काही वर्षांपूर्वी बोलता बोलता मी त्याला टोचून बोललो, एवढं शिकवलं त्याचं काय झालं म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुम्ही मला सगळं शिकवलंत. पण तुम्हाला प्रार्थना करताना मी कधी पाहिलंच नाही."

वास्तविक मी रोज प्रार्थना करतो. पहाटे पाचला उठून, आतल्या खोलीत, दार लावून. मत्तयाच्या शुभवर्तमानात तसं सांगितलेलंच आहे की दार लावून घे, चौकात उभं राहून दाखवू नकोस. मी ते अक्षरशः पाळत आलो. पण ते सांगणं होतं लोकांपुढे मिरवणाऱ्यांसाठी. माझ्या दाराबाहेर झोपलेलं माझं लेकरू, तो काही चौक नव्हता. हे समजायला मला पासष्टी ओलांडावी लागली.

सुट्टीत एक दिवस भाच्याची गाडी होती म्हणून नातवाला केडगावला नेलं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायला. न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडला की लांब नाही. उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत गेलो तेवढाच उशीर. त्याला तिथली झाडं आवडली. माझ्या डोक्यात मात्र वाटेत रमाबाईंच्या दोन गोष्टी घोळत होत्या.

पहिली १८९३ ची. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईला शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. मुली हिंदू घरातल्या, बहुतेक विधवा, आणि धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नाही असा शब्द दिलेला. रमाबाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत, आणि दार उघडं ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला त्या पालकांचा राग यायचा. आता येत नाही. आपलं लेकरू कुठल्या दारातून आत जातंय याची काळजी आईबापांनी नाही करायची तर कुणी? मीही आयुष्यभर वर्गात हिंदू मुलांपुढे माझ्या श्रद्धेबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते याच विचाराने. पण ते उघडं दार माझ्या मनातून जात नाही. परक्याच्या मुलांसाठी ते किती उघडावं यावर वाद होऊ शकेल. स्वतःच्या मुलासाठी तरी ते बंद असू नये.

दुसरी गोष्ट त्याआधीची. रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली वाँटेज इथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन मनोरमेवर फार माया करीत. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणत. तर या आजीबाईंना मुलीला चर्चची सगळी शिकवण द्यायची होती, आणि रमाबाईंनी हरकत घेतली. ज्या गोष्टी त्यांना स्वतःलाच अजून पटल्या नव्हत्या, त्रैक्याची शिकवण त्यांतली एक, त्या मुलीच्या गळी उतरवू नका, असं त्यांचं म्हणणं. ही पत्रं छापलेली आहेत, मिळाली तर जरूर वाचा. सिस्टरांना ते उद्धटपणाचं वाटलं. मला वाटतं, आई म्हणून रमाबाई बरोबर होत्या. पुढे हीच मनोरमा आईच्या कामात खांद्याला खांदा लावून राहिली. श्रद्धा काही कमी पडली नाही तिची.

आता या गोष्टीत मी कोण? तर आजीबाई! आईबापांना वेळ नाही म्हणून नेमलेला आजोबा.

पुढच्या रविवारी मी नातवाला संडे स्कूलला पाठवलंच नाही. शनिवारी रात्री उपासनेचा क्रम त्याला गोष्टीसारखा सांगितला. आधी देवाला हाक, मग आपल्या चुकांची कबुली, मग त्याने माफ केलं हे ऐकायचं, मग वाचन. एक गीत घरीच तीन-चारदा म्हटलं. इंग्रजी माध्यमाचा असल्याने देवनागरी अक्षर अक्षर जुळवत वाचतो, पण चाल झटकन उचलली. दानासाठी त्याच्याच डब्यातले पाच रुपये बरोबर घ्यायला लावले. ही युक्ती फार चांगली आहे. आपण हातात दिलेलं नाणं मूल थैलीत टाकतं ते खेळ म्हणून. स्वतःचे पाच रुपये टाकताना त्याने दोनदा विचार केला. टाकले मात्र.

उपदेशाच्या वेळी तो चुळबुळला, नाणं पाडलं, बाकाखाली गेला. एक ज्येष्ठ सभासद मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. बघू देत. मी आईच्या मांडीवर झोपायचो तेव्हा कुणी बघत नव्हतं.

आणि मग प्रभुभोजन आलं. भाकर आणि प्याला घेऊन पाळकसाहेब समोरून गेले आणि हा मोठ्याने म्हणाला, "मला का नाही?" अख्खं चर्च ऐकलं. मी कानात सांगितलं, घरी सांगतो.

गाडीत सांगितलं, "आपल्या मंडळीत तसा नियम आहे. लहानपणी तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुझ्या वतीने आईबाबा 'हो' म्हणाले. मोठा झालास की दृढीकरणाच्या वेळी तू स्वतः 'हो' म्हणायचं. मग."

"आणि मी 'नाही' म्हटलं तर?"

या वेळी मी पळवाट काढली नाही. म्हणालो, "तर नाही. मला वाईट वाटेल. पण पट्टी नाही मारणार." त्याला पट्टीचा संदर्भ अर्थातच कळला नाही.

त्या रात्री मी त्याला जुन्या करारातलं अनुवादाचं पुस्तक काढून दाखवलं, सहावा अध्याय. आईबापांनी मुलांशी देवाविषयी कुठे कुठे बोलावं याची तिथे यादीच आहे. घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. मंदिराचं नाव त्या यादीत नाही. आणि त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की तुझा मुलगा विचारील, हे सगळं कशासाठी? तेव्हा त्याला व्याख्या सांगायला सांगितलेलं नाही. आपण गुलाम होतो आणि सुटलो, ही गोष्ट सांगायला सांगितली आहे.

म्हणून मीही त्याला आमची गोष्ट सांगितली. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहत. देवळाची पायरी त्यांना ठाऊक नव्हती, पाणवठा वेगळा. ते पहिल्यांदा मिशनच्या प्रार्थनेला गेले तेव्हा सवयीने दाराशी, चपलांजवळ बसले. कुणीतरी त्यांना हात धरून पुढे नेऊन बसवलं. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगत आले आहेत. आईने मला सांगितली होती. मी माझ्या मुलाला सांगितली नव्हती, कारण ती कुठल्याच परीक्षेला नव्हती.

नातवाने विचारलं, "मग आपण मागच्या बाकावर का बसतो?"

सुट्टी संपली, पोर गेलं. त्या रात्री मी चिरंजीवांना फोन केला. म्हणालो, "अरे, तुझं काम मला जमणार नाही. मी त्याला गोष्टी सांगीन, गाणी शिकवीन, पण त्याच्या शेजारी तू बसायला हवं. तुला सगळं पटत नसेल तर तेही त्याला सांग, मला चालेल. आणि दुसरं, त्या पट्टीबद्दल मला माफ कर." बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "पप्पा, जेवलात का?"

नाताळच्या आधीच्या रविवारी तिघंही येणार आहेत, सूनबाईंनी तसं कळवलं आहे. मी आमच्या हिला सांगून ठेवलंय की त्या दिवशी लवकर जाऊन पुढून दुसरा बाक धरायचा. ती म्हणते, तिथे पंखा नाही. डिसेंबरात पंखा कशाला हवा?