पंचनाम्याआधीची तयारी

महापूर ओसरला की बाजारपेठेत प्रथम चिखल दिसतो आणि त्यामागोमाग पंचनामा येतो. चिपळूण आणि महाड येथील व्यापाऱ्यांनी हा क्रम २००५ मध्ये अनुभवला आणि २०२१ मध्ये पुन्हा अनुभवला. सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला तो २००५, २०१९ आणि २०२१ असा तीनदा आला. प्रत्येक वेळी सार्वजनिक चर्चा धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील गाळ आणि मदतीची रक्कम यांभोवती फिरली. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु पुराच्या आदल्या दिवशी दुकानदाराची तयारी काय होती, आणि ती करवून घेण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही.

लहान व्यापाऱ्याचे नुकसान तिहेरी असते. भिजलेला माल हा त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग. दुसरा भाग बंद राहिलेल्या दिवसांचा. कोकणातील कापड, किराणा वा भांड्यांचा व्यापारी गणेशोत्सवासाठी आषाढ-श्रावणातच माल भरतो आणि त्यातला बराचसा उधारीवर असतो. चिपळूणचा पूर २२ जुलै २०२१ रोजी आला आणि १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. म्हणजे वर्षाची मोठी कमाई ज्या सात आठवड्यांत व्हायची, तेच आठवडे चिखल उपसण्यात गेले. तिसरा भाग उधारीच्या वहीचा. ती भिजली की कोणाकडून किती येणे आहे याचा पुरावाच नाहीसा होतो. देणेकऱ्यांच्या वह्या मात्र दुसऱ्या गावी कोरड्या असतात. पंचनामा पहिल्या भागाची नोंद करतो. उरलेल्या दोहोंसाठी त्यात रकानाच नसतो.

२०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. लाखोंचा माल गमावलेल्याला ही रक्कम तुटपुंजी वाटली, यात नवल नाही. पण सरकारी तिजोरी प्रत्येक दुकानातील मालाची भरपाई करू शकणार नाही, हेही तितकेच खरे. अशी मदत पुन्हा उभे राहण्यास हात देते. ती विम्याची जागा घेऊ शकत नाही.

मग विम्याचे काय? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित योजना लागू केली. एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ती आहे आणि आगीबरोबर पूर, वादळ व भूकंप यांपासूनही ती संरक्षण देते. तरीही लहान व्यापाऱ्याचा विम्याशी संबंध येतो तो बहुधा बँकेमुळे. माल नजरगहाण ठेवून कर्ज घेताना बँक विमा उतरवून घेते, आणि हप्ता हा कर्जाच्या खर्चातलाच एक आकडा ठरतो. माल कमी किमतीचा दाखवून हप्ता वाचवणारेही कमी नाहीत. पण दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला असेल, तर चार लाखांचे नुकसान होऊनही हाती साधारण दोनच लाख येतात, हे त्यांना दाव्याच्या वेळी कळते. शिवाय बंद राहिलेल्या दिवसांचा बुडालेला नफा या विम्यात येत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते.

तयारीचे दुसरे अंग मालाच्या हालचालीचे. येथे दोन नद्यांचे स्वभाव वेगळे आहेत. कृष्णा पायरी-पायरीने चढते. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेथे माल हलवण्यास अवधी मिळतो. पण २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ ची खूण ही पुराची शेवटची मर्यादा नव्हे, हे सिद्ध झाले. वाशिष्ठीचे तसे नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरणारी ही आखूड नदी. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खाडीतील भरती एकत्र आली की पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरते. २०२१ मध्ये ते रात्रीतून चढले आणि माणसाच्या उंचीपेक्षा अधिक झाले. सांगलीच्या व्यापाऱ्याला वाहन आणि उंचावरचे गोदाम आधीच ठरवून ठेवता येईल; चिपळूणच्या व्यापाऱ्याला जून ते सप्टेंबर मौल्यवान माल वरच्या मजल्यावरच ठेवावा लागेल. दोघांना एकच छापील सूचनापत्रक देण्यात अर्थ नाही.

हे व्यापाऱ्याला कळत नाही असे नव्हे. पण हप्त्याचा खर्च दरवर्षी निश्चित असतो, पूर मात्र अनिश्चित. दुकान भाड्याचे असेल तर जोते उंचावण्याचा खर्च भाडेकरू करीत नाही आणि मालकही करीत नाही. वरच्या मजल्याचे गोदाम एकट्याला परवडत नाही. अशा स्थितीत पूर्वतयारीला ‘ज्याची त्याची जबाबदारी’ म्हणणे म्हणजे ती कोणाचीच नाही असे म्हणण्यासारखे आहे. जे एकट्याला परवडत नाही ते संघटितपणे परवडते, हे सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी.

व्यापारी संघटनेने उंचावरील सामाईक गोदाम पावसाळ्यापुरते भाड्याने घ्यावे आणि वाहने आधीच ठरवून ठेवावीत. नगरपालिकेने नदीच्या पातळीचा आकडा गल्लीनिहाय सांगावा. अमुक फुटांवर अमुक पेठेत पाणी, असा फलक दुकानदाराला शंभर आवाहनांहून उपयोगी पडेल. बँकांनी कर्जाच्या नूतनीकरणावेळी केवळ विम्याची पावती न मागता मालाची खरी किंमत, हिशेबाची दुसरी प्रत आणि माल हलवण्याची जागा यांची एकपानी नोंद मागावी, आणि ती असेल तर व्याजात थोडी सवलत द्यावी. जपानने २००६ मध्ये लहान उद्योगांसाठी अशा आराखड्यांची मार्गदर्शिका काढली आणि २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त आराखड्याला करसवलतीची जोड दिली. आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्ह्याचा आराखडा सक्तीचा करतो. त्या आराखड्यात बाजारपेठेला स्वतंत्र प्रकरण देण्यास कोणाची हरकत असू नये.

यावर एक आक्षेप येईल. तयारीचा भार व्यापाऱ्यावर टाकला की नदीपात्रातील अतिक्रमणे आणि धरणांचे नियोजन यांबाबत सरकार मोकळे सुटेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु नदीचे काम वर्षानुवर्षे चालणारे आहे आणि पुढचा पावसाळा तोवर थांबणार नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांच्या वर्गात स्थान मिळाले ते २ जुलै २०२१ रोजी, तेही अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरते. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कर्ज मिळण्याचा हक्क आणि त्या कर्जातून घेतलेला माल वाचवण्याची व्यवस्था या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत, तर प्रत्येक महापूर बाजारात नवे कर्जदार तेवढे निर्माण करील. व्यापाऱ्याला पुन्हा उभे करण्याचा खर्च समाज या ना त्या रूपाने देतोच; तो पुराआधी द्यायचा की पुरानंतर, एवढेच ठरवायचे उरते.