क्रेडिट कार्डानें घरबसल्या खरेदी

फवारणीचा पंप, ठिबकाचे सुटे भाग, भाजीपाल्याचें बीं, फार काय दूध काढण्याचें यंत्रहि आतां मोबाईलवरून मागवितां येतें व तें दारांत येऊन पडतें. तालुक्याच्या बाजारांत खेटे घालण्यापेक्षां हें सोयीचें खरें. परंतु पैसे देण्याची वेळ आली म्हणजे आमच्यांतील पुष्कळ मंडळी दोन टोकांस जातात. कांहीं जण कार्डाचें नांव निघतांच कानांवर हात ठेवितात. कांहीं जण कोणीं फोनवर विचारलें तरी सोळा आंकडे घडघडा सांगून मोकळे होतात. पहिले अकारण भितात व दुसरे अकारण बुडतात, असें माझें मत आहे.

वास्तविक या व्यवहारास बराच बंदोबस्त आहे. १ ऑगस्ट २००९ पासून आपल्या देशांत अशा खरेदीस नुसता कार्डाचा क्रमांक पुरत नाहीं. धन्याची आणखी एक खूण, बहुधा ओटीपी, द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारास खरा क्रमांक दप्तरीं ठेवण्याचीहि मनाई झाली असून त्याऐवजीं टोकन म्हणून निराळाच क्रमांक ठेवितात. परदेशी दुकानांच्या बाबतींत मात्र ओटीपी विचारला जाईलच असें नाहीं. म्हणून परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या अॅपमधून बंद ठेवावी, आणि देशांतील खरेदीसहि बेताचीच मर्यादा घालावी.

मग माणसें बुडतात कोठें? महसूल खात्यांत कारकुनी करतांना मीं पाहिलें आहे कीं, कोऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्याचा अंगठाच पुढें त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. ओटीपी हा आजचा अंगठा होय. आमच्या शेजारच्या एका बागायतदारानें जाहिरात पाहून रु. ९०० ला पंप मागविला. दुकानाचें नांव ओळखीचें, पण पत्त्यांत एक अक्षर फिरविलेलें. ओटीपीच्या संदेशांत रक्कम रु. १९,००० लिहिली होती. त्यानें सहा आंकडे तेवढे वाचले, रक्कम वाचली नाहीं! पुढें लाजेनें पांच दिवस कोणास सांगितलें नाहीं, आणि बँकेनें हात वर केले.

येथें कायदा माहीत असणें अगत्याचें आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिऱ्हाइतानेंच लबाडी केली, तर संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावर कांहींच बोजा नाहीं. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत आहे. ग्राहकानें स्वतःच गुप्त आंकडे दिले असतील, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणजे चूक आपली असली तरीहि लपविण्यांत तोटाच. प्रथम बँकेस सांगून कार्ड बंद करवावें व लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. पैसा वाटेंत असेल तोंवर अडवितां येण्याचा संभव असतो.

किसान क्रेडिट कार्ड या नांवानेंहि घोटाळा होतो. त्याबरोबर मिळणारें रुपे कार्ड बहुधा डेबिट कार्ड असतें व त्यांतून जाणारा पैसा आपल्या पीककर्जाचा असतो. त्यावरून मोबाईलवर खरेदी करूंच नये, असें मी म्हणेन. पेरणीच्या तोंडावर तें खातें रिकामें झालें तर बीं-खत कशांतून आणावयाचें?

राहिली एक गोष्ट. हे संदेश बहुधा इंग्रजींत येतात. सातबारा मराठींत वाचणाऱ्या शेतकऱ्यानें आपली जोखीम इंग्रजींत कां वाचावी? रक्कम व दुकानाचें नांव मराठींत कळवावें, अशी मागणी आपल्या संघानें येत्या वार्षिक सभेंत ठराव करून बँकांकडे पाठवावी. ठरावाचा मसुदा लिहून देण्यास मी तयार आहें.