खेळ आटोपला, विक्रीही आटोपली

भंडारदऱ्याच्या आसपास जत्रांत कापडाचे पाल लावणाऱ्या माणसाला तमाशाची वेळ तोंडपाठ असते. १९८०च्या सुमारास वडिलांबरोबर मी गाठोडे घेऊन जाई. तेव्हा जेवणवेळ टळल्यावर खेळ उभा राही, तो दिवस उगवल्यावर उठे. गण, गवळण, बतावणी, मग वग, सगळे सावकाश. रात्री घाटातून परतायला वाहन नसे, म्हणून गिऱ्हाईक पहाटेपर्यंत तिथेच. कंटाळले की पालावर येई, लुगडे पाही, टोपी घेई.

तो जमाना गेला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातून फार तर १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. मग गवळण छाटायची, वग उरकायचा.

पण दोष एकट्या कायद्याचा नाही. दाराशी मोटारसायकल आहे, खिशात मोबाईल आहे. नाटकवाल्यांनी हे आधीच ओळखले. किर्लोस्करांच्या १८८०च्या ‘शाकुंतला’नंतर संगीत नाटके रात्र रात्र रंगत. बोलपट आले, प्रेक्षकाची सवय बदलली आणि १९४१मध्ये निघालेल्या रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने आटोपशीर नाटके दिली.

नियम मोडा, असे मी म्हणणार नाही. गावात आजारी माणसे असतात, परीक्षेची मुले असतात. पण व्यापारी बंधूंनो, रात्रीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणे हा आपलाच तोटा. पाल दुपारीच लागले पाहिजे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हजेरीचा तमाशा आणि कुस्त्या दिवसाउजेडी होतात; खरी विक्री आता तिथे आहे. जत्रा कमिटीकडे आपण एकत्र जाऊन खेळ संध्याकाळी सहाला सुरू करायला सांगावे. चार तास मिळाले तर वग तरी पुरा होईल.

फड टिकण्यात आपला स्वार्थ आहे. नऊवारी, पडदे, कनाती, शिलाई ही कामे आपल्याच लोकांकडे येतात. नातेही जुने आहे. पेशवाईतले नामवंत शाहीर सगनभाऊ मुसलमान होते आणि धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणारा कारागीर लावण्या रचत होता. फड बसला तर शिंप्याचे मशीनही बसेल, एवढा हिशेब आपण ध्यानात ठेवावा.