बारकं बाळ वेगळं, उपाशी बाळ वेगळं



पाड्यावर येणारे साहेब दोन तोंडांनी बोलतात. बाळ अडीच किलोच्या खाली भरलं की आईला म्हणतात, "तू अडाणी, पोर सांभाळता येत नाही." आणि मोर्चात आपण उपासमारीचा जाब विचारला की म्हणतात, "तुमची चणच लहान, कुपोषण कसलं?" दोन्ही बोल खोटे. दोन्हींनी सरकार सुटतं आणि आई अडकते.

पहिलं घ्या. बारकं बाळ चांगलं वाढतं. जन्मल्यावर लगेच आंघोळ नको. कोरडं पुसून, डोकं झाकून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून लुगडं. पिवळा चीक फेकायचा नाही, तासाभरात पाजायचा. ओढायची ताकद नसेल तर दूध वाटीत पिळून चमच्याने द्यायचं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सहा महिने वरचं पाणीही नको. बाळ प्यायचं थांबलं, अंग गार पडलं, धाप लागली, तर भगताकडे वेळ घालवू नका, छातीशी धरूनच दवाखाना गाठा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायांना हे शिकवलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, हे १९९९ साली जगापुढे आलं. मग अडाणी कोण?

दुसरं घ्या. १९८० च्या सुमारास सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने सिद्धांत काढला, "लहान पण निरोगी". डॉ. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला. उपासमारीने खुंटलेल्या अंगाला निरोगी कसं म्हणायचं? आपण कार्ड बघायचं. बाळ दमदार पितं, रेघ दर महिन्याला वर चढते, ते बारकं. त्याची काळजी घ्या, घाबरू नका. रेघ आडवी झाली, खाली आली, तर ते आजारी नाहीतर उपाशी. तिथे चण सांगणाऱ्याचं ऐकून घेऊ नका.

आणि रेघ आडवी का होते? पोटुशी बाई वीटभट्टीवर विटा वाहते, कारण कसती जमीन हिसकावली. पावसाळ्यात कणगी रिकामी, हाताला काम नाही, आई उपाशी. आईच्या पोटात नाही ते बाळाच्या अंगावर कुठून येणार? १९९२ साली वावर-वांगणीत पोरं गेली, ती काय चण लहान म्हणून?

म्हणून भाऊलोकांनो, गरोदर बाईच्या डोक्यावरचा भारा उतरवा, तिला आधी जेवू घाला. अंगणवाडीचा काटा बंद असेल तर ग्रामसभेत विचारा. कार्ड आपल्या घरात ठेवा. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो, दाव्यात बाईचं नाव घातल्याशिवाय सही करू नका.

नागली आपल्या शेतात पिकली, तर ती आईच्या ताटात येईल. जमिनीची लढाई हीच बाळाची लढाई!

जिंदाबाद!