कडी लावलेली खोली

वसईच्या किल्ल्यात आपण बऱ्याचदा जातो. बाहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात मासळी वाळत असते, रिक्षांची गडबड असते. पण सेंट जोसेफ चर्चच्या पडक्या भिंतींपाशी आलो की आपला आवाज आपोआप खाली येतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ साली तहात वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकली. त्या वेढ्यात दोन्ही बाजूंची मिळून हजारो माणसे मेली. एवढे मरण पाहिलेली जागा, म्हणून मन भरून येते, असे आपण म्हणतो.

पण त्याच किल्ल्यात पोरे क्रिकेट खेळतात, लग्न ठरलेली जोडपी हसत फोटो काढतात. त्यांना काही जाणवत नाही. वसईच्या चर्चमधली एक घंटा आज नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरात आहे. तिच्याकडे पाहताना वसईचा तो आकांत किती जणांना आठवत असेल? मग दुःख जागेत असते की आपल्यात?

आमच्या माहितीतल्या एका घराची गोष्ट सांगतो. सोपारा गावात त्यांचे जुने बैठे घर. अब्बा शेवटचे आठ महिने कोपऱ्यातल्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या इंतकालानंतर त्या खोलीला कडी लागली. मगरिबनंतर मुले तिच्यासमोरून पळत जायची. थोरली बहीण म्हणाली, "ती जागा जड आहे." कुणी आमिलला आणायला सांगितले, कुणी घर विकून विरारला फ्लॅट घ्या म्हणाले.

अम्मी बरेच दिवस गप्प होत्या. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "खोलीला काय झालंय? तुम्ही दोघे भाऊ हिश्श्यावरून भांडलात ते तिथेच, त्यांच्या उशाशी. ते डोळे मिटून ऐकत होते. तेच तुम्हाला टोचतंय."

कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याने कडी काढली, खिडकी उघडली. औषधाच्या दुकानातली अब्बांची राहिलेली उधारी धाकट्याने चुकती केली. जुम्म्याला दोघे मिळून कब्रस्तानात गेले. किती महिन्यांनी एकत्र गेले असतील! वाटणी अजून झालेली नाही. धाकटी सून अजूनही रात्री एकटी त्या खोलीत जात नाही. पण अम्मी आता तिथेच झोपतात, आणि नातवंडे त्यांच्याजवळ गोष्ट ऐकायला जातात.

आपल्या दीनमध्ये बदशकुनाला थारा नाही. अमुक घर वाईट, तमुक खोली मनहूस, असे मानायचे नाही. पण सूरह जिलजालमध्ये हेही सांगितले आहे की, कयामतच्या दिवशी जमीन आपल्या बातम्या सांगेल. म्हणजे तिच्या पाठीवर कोण कसे वागले, याची ती साक्ष देईल. तेव्हा भिंतींना भिण्यापेक्षा त्यांच्यादेखत आपण काय बोलतो, कसे वागतो, याची फिकीर करायला हवी. ज्या ओट्याशी सुनेला रोज टोमणे ऐकावे लागतात, ज्या दारातून भावाला परत पाठवले जाते, तिथे सुकून येणार कुठून?

आपल्याही घरात अशी एखादी कडी लावलेली खोली असेल, तर आधी आठवून पाहावे, तिथे कुणाची माफी मागायची राहिली आहे. ते माणूस हयात असेल तर आजच जावे. नसेल, तरी वाट बंद झालेली नाही. त्यांच्यासाठी दुआ करता येते, त्यांचे कर्ज फेडता येते, त्यांच्या नातेवाइकांना, दोस्तांना जपता येते. मग खिडकी उघडावी. तेवढ्यानेही खोली बरीच हलकी होते.